ल्युकेमियाचे उपचार चालू असताना मुलाचं पोषण: गावात राहून काय मोजायचं, काय शिजवायचं

केमो (कॅन्सरची औषधं) सुरू होऊन तीनेक आठवडे झाले की मुलाचे गाल भरतात, पोट पुढे येतं आणि घरी येणारा प्रत्येकजण म्हणतो, 'पोरगं आता सुधरलं.' ते सुधारलेलं नसतं. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनं अंगात पाणी धरतं, चरबी गालांवर आणि पोटावर साठते आणि त्याच वेळी दंड-मांड्यांचं मांस झिजत असतं. वजनकाटा वर सरकतो आणि मूल आतून खंगत जातं. एवढं घरच्यांना कळलं तर पुढच्या निम्म्या चुका टळतात.

लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, हा रक्ताचा कॅन्सर. दवाखान्यात त्याला 'ए.एल.एल.' म्हणतात. उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. पहिला महिना इंडक्शनचा (सुरुवातीच्या केमोचा), त्यानंतर काही महिने जोरदार केमोचे टप्पे आणि शेवटी दीड-दोन वर्षं घरी गोळ्या घ्यायचा मेंटेनन्स. उपचार नागपुरात होवोत, सेवाग्रामला होवोत की मुंबईच्या टाटामध्ये, मूल दवाखान्यात राहतं ते मोजके दिवस. बाकी सगळे दिवस ते घरीच जेवतं. कुपोषित मुलाला केमो झेपत नाही. त्याच्या रक्तातल्या पेशी उशिरा वर येतात, जंतुसंसर्ग लवकर होतो, तोंड जास्त येतं आणि मग डोस पुढे ढकलावे लागतात. म्हणून जेवण हासुद्धा उपचाराचाच भाग धरायचा.

आधी मोजमाप

दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर निदानाच्या वेळचं वजन, उंची आणि दंडाचा घेर लिहा. पुढे दर आठवड्याला वजन आणि दर पंधरा दिवसांनी दंड. वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, पातळ कपड्यांत आणि नेहमी एकाच काट्यावर करा. अंगणवाडीचा काटा, उपकेंद्राचा काटा आणि दवाखान्याचा काटा यांत अर्ध्या किलोचा फरक सहज पडू शकतो, म्हणून काटा बदलला तर आकड्यासमोर तसं लिहून ठेवा.

दंड मोजताना घाई केली की आकडा खोटा येतो. मुलाचा डावा हात कोपरात काटकोनात वाकवा. खांद्याच्या टोकाला जे हाड बोटाला लागतं तिथपासून कोपराच्या टोकापर्यंत टेप लावा. समजा २० सेंमी आलं, तर बरोबर १० सेंमीवर पेनानं ठिपका द्या. आता हात सरळ, सैल सोडायला सांगा. ठिपक्यावरून टेप गुंडाळा. टेप कातडीला सगळीकडून टेकला पाहिजे, पण कातडी दबता कामा नये. खाली फट दिसली तर टेप सैल आहे, आणि कडेला कातडी फुगली तर तो आवळला गेलाय. आकडा मिलिमीटरपर्यंत वाचा, टेप काढा, पुन्हा लावून वाचा. दोन आकड्यांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. मोजणारी व्यक्ती शक्यतो एकच असू द्या.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलासाठी अंगणवाडी ताईकडचा लाल-पिवळा-हिरवा टेप चालतो. ११.५ सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या मध्ये मध्यम. पाच वर्षांपुढे त्या टेपचे रंग लागू पडत नाहीत. तिथे शिंप्याचा टेप घ्या. पाच ते नऊ वर्षांत १३.५ च्या खाली तीव्र आणि १४.५ च्या खाली मध्यम, तर दहा ते चौदा वर्षांत १६ च्या खाली तीव्र आणि १८.५ च्या खाली मध्यम असं धरतात. निदानाच्या वेळी यकृत आणि प्लीहा अनेकदा सुजून पोटात मोठी झालेली असतात, तेव्हाही वजन फसवतं. दंड सहसा फसवत नाही, म्हणून आमचा भर दंडावर आहे.

वजन किती टक्के उतरलं ते घरीच काढता येतं. महिन्यापूर्वी १६ किलो होतं, आज १५.२ भरलं. फरक ०.८. त्याला १६ नं भागा, १०० नं गुणा, म्हणजे ५ टक्के. महिन्यात ५ टक्के उतरलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात फोन करा. वजन तेवढंच राहून दंड अर्धा सेंमी उतरला असेल तरीही फोन करा. 'वजन कमी नाही' या एका वाक्यावर समाधान मानू नका. दंडाचा आकडा स्वतःहून डॉक्टरांना सांगा, कारण ओपीडीच्या गर्दीत तो मोजला जाईलच असं नाही.

पहिले काही दिवस: शहाळं थांबवा

आजारी माणसाकडे जाताना शहाळं, संत्री, केळी न्यायची आपली रीत. ल्युकेमियात पहिल्या आठवड्यात तीच अडचणीची ठरू शकते. औषधानं कॅन्सरच्या पेशी एकदम फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फरस, युरिक ॲसिड रक्तात उतरतं. मूत्रपिंडाला ते झेपलं नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात. त्यात नारळपाणी, संत्र्याचा रस आणि केळ्यातून आणखी पोटॅशियम पोटात जातं. या दिवसांत वॉर्डमधून सांगतील तेवढंच द्या. दुधाचं प्रमाणही विचारून घ्या, त्यात फॉस्फरस असतो. डॉक्टर हिरवा कंदील देतील तेव्हा संत्री खुशाल सुरू करा.

दंड आधीच तीव्र कुपोषणात असेल तर 'आता भरपूर खाऊ घालू' हा विचारही आवरा. फार दिवसांच्या उपासमारीनंतर एकदम जास्त अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं खाली येतं आणि मूल दगावूही शकतं. अशा मुलाला दवाखान्यातच, आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली थोडं थोडं वाढवत नेतात.

स्टिरॉइडचा महिना

या महिन्यात मूल रात्री दोनला उठून जेवण मागतं. रडतं, चिडतं, ताट भिरकावतं. हा हट्ट नाही, औषधच तशी भूक लावतं. उपाशी ठेवू नका, पण हातात काय द्यायचं ते आधी ठरवा. कुरकुरे, पापड, लोणचं, फरसाण, चिवडा हे सगळं बंद, कारण मिठानं पाणी आणखी धरतं आणि रक्तदाब चढतो. भाजी-वरणात नेहमीपेक्षा निम्मं मीठ घाला. रात्रीसाठी एक अंडं (त्याच वेळी उकडून लगेच द्यायचं), मूठभर फुटाणे किंवा मुगाचं ताजं धिरडं असं पोटात टिकणारं काही ठरवून ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलाला फुटाणे आणि शेंगदाणे अख्खे देऊ नका, घशात अडकतात. कूट करूनच द्या.

स्टिरॉइड आणि ॲस्पॅराजिनेजचं इंजेक्शन मिळून रक्तातली साखर वाढवतात. मूल सारखं पाणी पितंय, सारखं लघवीला जातंय असं दिसलं तर साखर तपासून घ्या. साखर वाढलेली असेल तेवढे दिवस गूळ, साखर, बिस्किटं, सरबत थांबवून भाकरी, डाळ, अंडी, भाज्या यांवर ठेवा. वाढलेली नसेल तर गुळाच्या खड्यावर बंदी घालायचं काही कारण नाही. 'साखरेनं कॅन्सर वाढतो' म्हणून मुलाचं गोडच नव्हे तर भातही तोडणारी घरं आहेत. त्यानं कॅन्सर उपाशी राहत नाही, मूल मात्र राहतं.

स्टिरॉइडची गोळी उपाशीपोटी देऊ नका. दूध, दही (चालत असेल तर) किंवा तीळ यांतून कॅल्शियम जाऊ द्या, कारण हे औषध हाडं पोकळ करतं. आणि मुलाला चालवा. अंगणात चार फेऱ्या, दोन पायऱ्या चढणं, जमेल तेवढं. प्रथिनं खाल्ली तरी हालचालीशिवाय मांस धरत नाही. चालताना पाऊल फरफटत असेल तर तो व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाचा परिणाम असू शकतो, तेही वहीत लिहा.

व्हिन्क्रिस्टिननं आतड्यांची हालचाल मंदावते. दोन दिवस शौचाला झालं नाही की मूल जेवण टाकतं, आणि घरचे समजतात भूक गेली. आधी पोट बघा. कोमट पाणी, रात्री भिजवून सकाळी कुस्करलेल्या मनुका, पिकलेली पपई, शिजवलेली पालेभाजी यांनी फरक पडतो. तीन दिवस झाले तर डॉक्टरांकडून पातळ औषध घ्या. एरंडेल पाजू नका. एनिमा किंवा गुदद्वारातून कुठलीही वडी तर अजिबातच नको. पेशी कमी असताना तिथली बारीकशी जखमही जंतू रक्तात सोडते.

ॲस्पॅराजिनेजच्या काळात पोटात जोराची कळ येऊन पाठीकडे जात असेल, सोबत उलट्या असतील, तर तोंडानं काहीही न देता तडक दवाखाना गाठा. स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते.

तोंड आलं, मळमळ सुटली

स्टिरॉइड थांबलं की चित्र उलटं होतं. कालपर्यंत सहा भाकऱ्या मागणारं पोर घासाला तोंड लावत नाही. मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाच्या दिवसांत तोंडात, गालांच्या आत, जिभेच्या कडांना फोड येतात. आपल्याकडच्या स्वयंपाकात तिखट सढळ, आणि त्याच्या नुसत्या वासानंही मूल मागे सरकतं. मुलाचं वरण फोडणीआधीच बाजूला काढा. फोडणी शक्यतो बाहेरच्या चुलीवर द्या, म्हणजे धूर आणि ठसका आत येत नाही.

एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात १ चमचा मीठ आणि १ चमचा खायचा सोडा विरघळवा. दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः खाल्ल्यानंतर, या पाण्यानं चुळा भरायला लावा. गिळायचं नाही. पाणी रोज ताजं करा. वेदनेचं औषध दिलेलं असेल तर जेवणाआधी अर्धा तास द्या. जेवण कोमट किंवा थंड असावं: पातळ मऊ वरण-भात, तूप घातलेली मुगाची खिचडी, रव्याची खीर, कुस्करलेलं केळं, दुधात मऊ भिजवलेली पोळी. संत्री, चिंच, भेदरं (टोमॅटो), खारट आणि कोरडं या दिवसांत टाळा. मूल स्वतःची लाळही गिळत नसेल, तोंडातून रक्त येत असेल किंवा दिवसभरात पाणीही जात नसेल तर घरी थांबू नका.

मळमळीचं औषध केमोच्या किंवा जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायचं असतं. उलटी झाल्यावर धावाधाव करून फारसा उपयोग होत नाही. आणि एक गोष्ट जरूर पाळा: केमोच्या दिवशी मुलाच्या आवडीचा पदार्थ करू नका. मन रमावं म्हणून त्याच दिवशी पुरणपोळी किंवा त्याच्या आवडीचं चिकन देतात, उलटी होते आणि त्या पदार्थाचा तिटकारा कायमचा बसतो. आवडीचं चांगल्या दिवसांसाठी राखा, त्या दिवशी साधी पेज, लाह्या, बिस्किट.

जुलाब-उलट्यांत ओआरएस. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदमच विरघळवायचं, अर्धं पाकीट अंदाजानं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमच्याचमच्यानं पाजा आणि उरलेलं चोवीस तासांनी फेकून द्या.

किती आणि काय

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या निरोगी मुलाला दिवसाला सुमारे १३६० कॅलरी आणि १६ ग्रॅम प्रथिनं लागतात, सात ते नऊ वर्षांच्या मुलाला १७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम. केमोच्या काळात प्रथिनं दीडपटीपर्यंत धरावीत. पाच वर्षांच्या मुलासाठी म्हणजे सुमारे २४ ग्रॅम. ती अशी भरतात: ४०० मिली गाईचं दूध १३ ग्रॅम, एक अंडं ६ ग्रॅम, ३० ग्रॅम तूरडाळ साडेसहा ग्रॅम. झाले. भाकरी-भातातली प्रथिनं वेगळीच. यात महागडी डबाबंद पावडर कुठेही नाही. कर्ज काढून पावडरचे डबे आणणाऱ्या घरांना आम्ही कळकळीनं सांगतो की तोच पैसा अंडी, दूध आणि तेलावर लावा. डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर असेल तर गोष्ट वेगळी.

अंडं 'गरम' पडतं म्हणून बंद करू नका. पिवळा बलक घट्ट होईपर्यंत, उकळी आल्यावर निदान दहा मिनिटं, उकडा. शाकाहारी घरात सोयाबीनच्या वड्या आहेत, १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. २० ग्रॅम वड्या उकळून, पिळून, बारीक करून खिचडीत मिसळल्या तर मुलाला कळतही नाहीत.

मूल दिवसाला चारच घास खाणार असेल तर त्या चार घासांत जास्त कसं बसवायचं हाच खरा प्रश्न. पातळ पाणचट पेजेनं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. इथे तेल-तूप कामी येतं. एका छोट्या चमच्यात (५ मिली) ४५ कॅलरी. खिचडी अशी करा: ४० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम मूगडाळ, भरपूर पाणी घालून कुकरला पाच शिट्ट्या, वरून दोन छोटे चमचे तूप. सुमारे ३०० कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रथिनं. तूप न घातलेली तेवढीच खिचडी २१० कॅलरींवर थांबते.

अशी पूड प्रत्येक घरात असावी: २०० ग्रॅम सालं काढलेले फुटाणे, १०० ग्रॅम शेंगदाणे, १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ, १०० ग्रॅम साखर. शेंगदाणे आधी परातीत पसरून निवडा. सुरकुतलेला, काळपट, बुरशी धरलेला किंवा चावून कडू लागणारा एकही दाणा ठेवू नका. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, यकृतावर जातं आणि केमोनं यकृतावर आधीच भार असतो. चांगले दाणे मंद आचेवर खरपूस भाजून सालं काढा. ज्वारीचं पीठ कोरडंच भाजा, वास सुटून रंग किंचित बदलेपर्यंत. सगळं पूर्ण गार झाल्यावरच दळा, कारण गरम दळलं तर दाण्याचं तेल सुटून लगदा होतो. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा, चमचा कोरडा वापरा. उन्हाळ्यात पंधरवड्यापुरतीच करा, खवट वास आला तर टाकून द्या. देताना ३० ग्रॅम पूड (तीन मोठे चमचे) १५० मिली दुधात कालवून पाच मिनिटं उकळा आणि एक छोटा चमचा तूप सोडा. वाटीभर होतं. त्यात सुमारे २६५ कॅलरी आणि साडेनऊ ग्रॅम प्रथिनं. नुसती पूड कोरडी किंवा गार दुधात देऊ नका, भाजल्यानंतर हात-जातं-डबा यांतून तिला जंतू लागलेले असू शकतात. साखर वाढलेल्या मुलासाठी याच पुडीतून साखर वगळा.

जेवण दिवसातून सहा-सात वेळा, दर दोन-अडीच तासांनी. छोटी ताटली घ्या. मोठ्या ताटात उरलेलं पाहून मूलही खचतं आणि आईही. सकाळी मळमळ कमी असते, तेव्हाचं खाणं सगळ्यात भरीव ठेवा. पाणी जेवणाआधी पाजून पोट भरू नका. मागे लागून, नाक दाबून भरवू नका. अर्ध्या तासात जेवढं गेलं तेवढं, मग ताट उचला आणि दोन तासांनी पुन्हा.

विदर्भाचा उन्हाळा आणि पेशी कमी असलेलं मूल

पांढऱ्या पेशी खाली गेल्या की आपल्याला साधं पोट बिघडवणारा जंतू मुलाच्या रक्तात पोचतो. एप्रिल-मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि भारनियमनात फ्रिजचाही भरवसा नसतो. अशा दिवसांत शिजवल्यापासून तासाभरात मुलानं खाल्लं तर खाल्लं, नाहीतर ते दुसऱ्या कोणीतरी खायचं. हिवाळ्यात दोन तास. रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊनही नको, कारण भातातल्या एका जंतूचं विष पुन्हा तापवून जात नाही. आंबवलेल्या आंबीलऐवजी ताजी ज्वारीची पेज द्या. दही-ताकाबाबत दवाखान्यादवाखान्यात नियम वेगळे, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पाणी विहिरीचं असो की नळाचं, उकळी फुटल्यावर एक मिनिट खळखळू द्या, झाकून गार करा आणि त्याच भांड्यात ठेवा. माठात ठेवलंच तर माठ रोज घासायचा आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढायचं. पेला बुडवला की उकळण्याची मेहनत वाया. कच्चं दूध, पंचामृत, उघड्यावरचा प्रसाद, बर्फाचा गोळा, उसाचा रस, कच्ची मोड आलेली कडधान्यं, कच्चा सांबार (कोथिंबीर) वरून भुरभुरलेला, यांतलं काही नको. सांबार वरणात उकळू द्या. फळ जाड सालीचं घ्या: केळं, संत्रं, पपई. आधी फळ धुवा, मग हात धुवा, मग सोला. मांस-मासे ताजे आणि पूर्ण शिजलेले चालतात, उलट हवेतच.

ताप १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) झाला की ती तातडीची वेळ. काखेत आकडा थोडा कमीच येतो, म्हणून १०० च्या वर दिसला तरी फोन करा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका.

गावात मिळणारी औषधं: घेण्याआधी थांबा

मूल पांढरं पडलं की आपल्याकडे पहिला संशय रक्ताच्या कमतरतेचा किंवा सिकलसेलचा येतो आणि लोहाची बाटली हातात येते. ल्युकेमियातलं पांढरेपण लोहाअभावी नसतं. उलट रक्त चढवून चढवून अंगात लोह साठत जातं. अंगणवाडीतून लहानग्यांना मिळणारं सिरप आणि शाळेतली आठवड्याची गुलाबी गोळी यांत लोहासोबत फॉलिक ॲसिडही असतं. गुलाबी गोळीत ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. मेथोट्रेक्सेट फॉलिक ॲसिडलाच अडवून काम करतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय यांतलं काही द्यायचं नाही. पालेभाजीतलं फोलेट मात्र चालतं. आशाताईंना आणि शाळेच्या गुरुजींना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे रांगेत उभं करून गोळी दिली जाणार नाही. जंताची गोळी आणि लसी, विशेषतः गोवर-रुबेला आणि तोंडातून देतात ती पोलिओची, यांबाबतही तसंच.

गुळवेलीचा काढा, पपईच्या पानांचा रस, गव्हांकुरांचा रस, वैदूची पुडी, भस्म. प्रेमापोटीच कोणी आणून देतं, पण गुळवेल घेतलेल्यांत यकृताला इजा झाल्याची प्रकरणं कोरोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत, आणि काही भस्मांत शिसं-पारा सापडतो. आधीच दिलं असेल तर लपवू नका. कावीळ कशानं झाली हे डॉक्टरांना कळलं नाही तर ते केमो थांबवतात.

नाकातून नळी

आठवडाभर मूल गरजेच्या निम्म्याहूनही कमी खात असेल तर डॉक्टर नाकातून नळी सुचवतात. पुष्कळ घरं 'आता शेवट आला' समजून नकार देतात. नळी म्हणजे तोंड बरं होईपर्यंतची पायवाट. ती घालून मूल घरी येतं, खेळतं, तोंडानंही खातं. नर्सकडून दोन वेळा स्वतःच्या हातानं भरवून शिकल्याशिवाय सुटी घेऊ नका. घरी प्रत्येक वेळी नाकपुडीपाशी नळीवरची खूण जागेवर आहे का ते पाहा. सरकली असेल, मूल खोकत किंवा घुसमटत असेल तर काहीही सोडू नका. मूल टेकून बसवा, डोकं उंच. आधी उकळून गार केलेलं १०-२० मिली पाणी, मग दोनदा गाळलेलं कोमट अन्न, पिचकारीचा दट्ट्या काढून, आपल्या वजनानं उतरू द्या. दाबून ढकललं की उलटी होते. शेवटी पुन्हा तेवढंच पाणी. हे शेवटचं पाणी विसरलं की नळी चोंदते, आणि ती बदलायला पुन्हा शहर गाठावं लागतं. भरवल्यावर अर्धा तास आडवं करू नका.

प्रवास आणि मदत

धारणीहून किंवा भामरागडहून निघालेलं मूल एसटीत सहज सात-आठ तास असतं. त्या दिवशीचं खाणं हमखास बुडतं. सोबत सीलबंद बिस्किटं, केळी, कोरड्या लाह्या, पहाटे केलेल्या दशम्या (पहिल्या दोन तासांत, उन्हाळ्यात तासाभरात खायच्या), उकळलेलं पाणी आणि ओआरएसची दोन पाकिटं घ्या. स्टँडवरची भजी, रस्सा नको. कॅन्सरच्या रुग्णाला एसटीत आणि रेल्वेत भाड्याची सवलत असते, त्यासाठी दवाखान्याचा दाखला पहिल्याच भेटीत मागून घ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र दवाखान्यातच बसतात. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतली अंडी-केळी सहा वर्षांखालच्या मुलाच्या हक्काची आहेत. पेशी कमी असल्यानं मूल अंगणवाडीत बसू शकत नसेल तर अंडं कच्चंच घरी मिळेल का ते ताईंना विचारा आणि घरी उकडा. तीव्र कुपोषित मुलासाठी पोषण पुनर्वसन केंद्र, म्हणजे एनआरसी असतं, मात्र केमो चालू असेल तर तुमचे कॅन्सरचे डॉक्टर आणि तिथले डॉक्टर यांचं फोनवर बोलणं झाल्याशिवाय दाखल करू नका.

मेंटेनन्सची दोन वर्षं

मूल शाळेत जाऊ लागतं, केस येतात, घर सैलावतं. इथे दोन चुका होतात. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती नजरचुकीनं रोज दिली गेली तर तोंड सोलून निघतं आणि पेशी कोसळतात. म्हणून घरी असताना अचानक तोंड आलं तर आधी गोळ्या मोजा. कॅलेंडरवर तो वार लाल पेनानं गोल करून ठेवा. ६-एमपी (मर्कॅप्टोप्युरीन) ही केमोची गोळी रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी. ती दुधासोबत द्यायची की नाही हे डॉक्टर सांगतील तसं.

दुसरी चूक तुपाची. केमोच्या जोरदार महिन्यांत सुरू केलेलं जादा तूप, साखर आणि मधल्या वेळची वाटी मूल नीट जेवायला लागल्यावरही चालूच राहते. ल्युकेमियातून बऱ्या झालेल्या मुलांत पुढे लठ्ठपणा जास्त दिसतो. दंड वयाच्या मानानं भरला, वजन तीन महिने स्थिर राहिलं की जादा तूप कमी करत आणा, पूड एक वेळेवर आणा आणि घरातल्या इतरांसारखंच ताट वाढा. तिखटही हळूहळू. स्टिरॉइडचे पाच-सात दिवस मेंटेनन्समध्येही मधून मधून येत असतील, तर त्या आठवड्यात मिठाचा नियम पुन्हा लागू. वजन आता महिन्यातून एकदा केलं तरी चालेल, दंड आणि उंची तीन महिन्यांनी. उंची दारामागच्या भिंतीवर, अनवाणी, टाचा टेकवून मोजायची आणि रेघेशेजारी तारीख घालायची.